सरासरी एकरी उत्पन्न म्हणजे कोणाचे उत्पन्न?

पलूस तालुक्यात कृष्णेच्या काठाने भिलवडी, अंकलखोप, आमणापूर, बुर्ली ह्या गावांच्या शिवारात ऊस हे प्रमुख पीक आहे. नदीपासून जसजसे दूर जावे तसतशी जमीन हलकी होत जाते, आणि कुंडलच्या डोंगरपायथ्याशी मुरमाड माळ लागतो. अशा भागात शेतकऱ्यांच्या बैठकीत गावच्या उत्पन्नाचा सरासरी आकडा वाचून दाखविला की एक गोष्ट हमखास घडते. बसलेल्यांपैकी बहुतेक जण एकमेकांकडे पाहतात व म्हणतात, "एवढे कोणाचे निघाले?" आकडा वाचणाऱ्यास वाटते की लोकांना हिशेब कळत नाही, आणि लोकांना वाटते की आकडा कचेरीत बसून तयार केलेला आहे. वास्तविक दोघेही बरोबर असू शकतात. हे कसे होते ते शेतकरी बंधुभगिनींनी नीट समजून घेतले पाहिजे. कारण ह्याच आकड्यावर आपण पुढील वर्षाचा खर्च, कर्ज व लागवड ठरवीत असतो.

समजुतीसाठी एक उदाहरण घेऊ. आकडे केवळ हिशेबाकरिता कल्पिलेले आहेत. ते कोणत्याही विशिष्ट गावचे नाहीत. एका वस्तीवरील अकरा शेतकऱ्यांनी उसाचे एकरी उत्पन्न टनांत पुढीलप्रमाणे सांगितले : २८, ३०, ३२, ३२, ३४, ३५, ३६, ३८, ४५, ७२ आणि ८०. ह्या सर्वांची बेरीज ४६२ होते. तीस अकराने भागले असता ४२ टन ही सरासरी येते. ह्या रीतीत काहीही चूक नाही. तरीपण यादी पुन्हा पाहावी. अकरापैकी आठ शेतकऱ्यांना ४२ टनांपेक्षा कमी ऊस झाला आहे. सरासरी ओलांडणारे केवळ तीन आहेत. बैठकीतील कुजबुज ह्या आठ जणांची असते.

सरासरीचा अर्थ इतकाच की अकरा जणांचा ऊस एके ठिकाणी रचून तो सर्वांस सारखा वाटून दिला, तर प्रत्येकाच्या वाट्यास ४२ टन येईल. तसा वाटून देण्याचा रिवाज मात्र कोठेही नाही, आणि सरासरी ऐकताना नेमकी हीच गोष्ट आपण विसरतो. ज्यास एकूण मालाशी काम आहे त्यास सरासरी अत्यंत उपयोगी पडते. साखर कारखान्यास आपल्या क्षेत्रात किती ऊस उभा आहे, गाळप किती दिवस चालेल, तोडणीच्या टोळ्या किती लागतील हे ठरवावयाचे असते. त्याने नोंदलेल्या एकरांस सरासरीने गुणले की काम होते. परंतु ज्या शेतकऱ्यास आपल्या एका एकरात किती ऊस निघेल हे ठरवावयाचे आहे, त्याचा प्रश्न वेगळा आहे, आणि त्याचे उत्तरही वेगळ्या आकड्यात शोधावे लागते.

तो आकडा म्हणजे मध्यक होय. सर्व नोंदी लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने मांडाव्या व अगदी मधली नोंद उचलावी. अकरा नोंदींत सहावी नोंद मधली. तिच्या अलीकडे पाच व पलीकडे पाच. आपल्या उदाहरणात ती ३५ टन आहे. नोंदी सम संख्येत असतील, समजा दहा किंवा बारा, तर मधल्या दोन नोंदींची बेरीज करून तीस दोनाने भागावे. मध्यक काढण्यास फारसे गणित लागत नाही. नोंदी क्रमाने लावण्याची चिकाटी तेवढी लागते.

आता समजा, ८० टन काढणाऱ्या शेतकऱ्याने पुढील हंगामात ठिबक, हिरवळीचे खत व उत्तम बेणे वापरून १०२ टन उत्पन्न घेतले, आणि बाकी दहा जणांचे उत्पन्न जसेच्या तसे राहिले. बेरीज ४८४ होईल व सरासरी ४४ टनांवर जाईल. कागदावर वस्तीची प्रगती एकरी दोन टनांनी झाली. प्रत्यक्षात दहा जणांच्या शेतात एक कांडेही वाढलेले नाही. मध्यक मात्र ३५ वरच राहतो. टोकाच्या एकट्या आकड्याने सरासरी हलते, मध्यक हलत नाही. विक्रमी पीक घेणाऱ्या शेतकऱ्याचे कौतुक अवश्य व्हावे आणि त्याचे शेत पाहण्यासही जावे. परंतु त्याच्या एकराचा आकडा आपल्या एकराच्या अंदाजपत्रकात धरू नये.

ह्यात काय धोका आहे तो हिशेबाने पाहू. यादीतील मधला शेतकरी, म्हणजे ३५ टनवाला, ४२ टनांची सरासरी ऐकून तेवढ्या उत्पन्नाच्या भरवशावर खर्च व उसनवार करून बसला. उसाचा दर हिशेबाच्या सोयीसाठी टनास ३,००० रुपये धरला, तर त्याच्या अंदाजात एकरी सात टनांची, म्हणजे २१,००० रुपयांची खोट येते. ऊस तीन एकर असेल तर ही खोट ६३,००० रुपयांची होते. त्या वर्षी पाऊस चांगला झाला, रोग पडला नाही, मेहनतीतही कसूर झाली नाही, तरीही तो कर्जात राहिला. आमच्या मते सोसायटीचे कर्ज घेताना अथवा मुलीच्या लग्नाचा खर्च उसावर टाकताना शेतकऱ्याने आपल्या शेजारच्या, आपल्यासारख्याच जमिनीच्या शेतांचा मध्यक धरावा. आणि सावध माणसाने त्याहूनही थोडे खालचे माप धरावे.

सरासरीविषयी आणखी एक चूक फार सर्रास होते. एका शेतकऱ्याने एका एकरात ८० टन काढले व दुसऱ्याने चार एकरांत एकरी ३० टन काढले. दोघांच्या आकड्यांची नुसती बेरीज करून दोनाने भागल्यास ५५ टन सरासरी येते. परंतु दोघांच्या शेतातून निघालेला एकूण ऊस ८० अधिक १२०, म्हणजे २०० टन. आणि एकूण जमीन पाच एकर. खरी सरासरी ४० टन झाली. प्रत्येक आकड्यास त्याच्या क्षेत्राचे वजन द्यावे लागते. लहान तुकड्यावर हात जास्त फिरतो, शेणखत पुरते, पाणी वेळेवर मिळते. त्यामुळे तेथील उत्पन्न बहुधा चढे असते. अशा तुकड्यांना मोठ्या क्षेत्राच्या बरोबरीने मोजले की गावची सरासरी आपोआप फुगते. आकडा ऐकताच, तो क्षेत्राचा विचार करून काढला आहे काय, असे विचारण्यास कोणी संकोच करू नये.

मध्य दाखविणारे तिसरे माप बहुलक होय. जी नोंद सर्वांत अधिक वेळा येते ती बहुलक. आपल्या यादीत ३२ टन दोनदा आले आहे, बाकी आकडे एकेकदा. म्हणून बहुलक ३२. एकरी उत्पन्नाच्या बाबतीत बहुलकाचा उपयोग बेताचाच आहे, कारण दोन शेतांचे आकडे तंतोतंत जुळणे हा पुष्कळदा योगायोग असतो. परंतु वस्तू ठराविक मापांतच मिळतात तेथे ह्याच मापाशिवाय चालत नाही. पलूस तालुक्यातच किर्लोस्करवाडी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली तेथे कारखाना वसविला, आणि तेथील पंप पुढे महाराष्ट्रभर विहिरींवर बसले. समजा पंपांच्या एखाद्या दुकानदाराने वर्षभरात तीन, पाच व साडेसात अश्वशक्तीचे पंप विकले आणि त्यांची सरासरी ५.३ अश्वशक्ती आली. ५.३ अश्वशक्तीचा पंप कोणी मागत नाही आणि कोणी बनवीतही नाही. दुकानदारास, सर्वांत अधिक कोणता पंप खपला, एवढेच पाहून माल भरावा लागतो.

कधी कधी नोंदींची गर्दी दोन निरनिराळ्या ठिकाणी जमते. उसात हे विशेष करून आढळते. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टात लावतात व तो शेतात सोळा ते अठरा महिने राहतो. सुरू व खोडवा ह्यांचा काळ सुमारे एका वर्षाचा. दोहोंची नोंद एकाच वहीत, एकाच रकान्यात केली, तर तीस-पस्तीस टनांजवळ एक गर्दी व सत्तर-ऐंशी टनांजवळ दुसरी गर्दी दिसेल. सरासरी त्या दोहोंच्या मध्ये, जेथे कोणाचाही ऊस नाही अशा जागी, जाऊन बसेल. आपल्या उदाहरणातील ७२ व ८० टन हे आडसाली असतील आणि बाकीचे खोडवे असतील, तर त्यांची एकत्र सरासरी काढणेच अयोग्य आहे. अशा वेळी नोंदी वेगळ्या कराव्या, आणि जमीन किती महिने अडकली तेही लिहावे. अठरा महिन्यांत ७२ टन म्हणजे दरमहा चार टन. बारा महिन्यांच्या खोडव्यात ४५ टन म्हणजे दरमहा पावणेचार टन. यादीत जे अंतर सत्तावीस टनांचे दिसत होते, ते दरमहाच्या हिशेबाने पाव टनावर आले. शिवाय खोडव्यास बेणे व पूर्वमशागत लागत नाही. हा एक मुद्दा जरी ध्यानात राहिला तरी लेखाचे निम्मे काम झाले असे आम्ही समजू.

येथवर पाहिलेली तीन मापे एकाच यादीतून निघाली, पण तीन वेगळ्या ठिकाणी पडली : बहुलक ३२, मध्यक ३५, सरासरी ४२. असे का व्हावे, हे कागदापेक्षा अंगणात चांगले कळते. जमिनीवर खडूने एक आडवी रेघ ओढावी, तिच्यावर २०, ३०, ४० असे ८० पर्यंत दहा-दहा टनांचे कप्पे करावे, आणि प्रत्येक शेतासाठी त्या त्या कप्प्यावर एक खडा ठेवावा. दुसरा आला की पहिल्यावर रचावा. विशीत एक खडा पडेल, तिशीत सात खड्यांची उतरंड होईल, चाळिशीत एक. पन्नाशी व साठी रिकामी राहतील. सत्तरीत एक आणि ऐंशीत एक खडा पडेल. ढीग डावीकडे आहे व उजवीकडे एक लांब शेपूट गेले आहे. आता ही रेघ म्हणजे एक लाकडी फळी आहे अशी कल्पना करावी. ही फळी एका बोटावर तोलावयाची झाली, तर बोट ढिगाखाली ठेवून चालणार नाही. दूरच्या दोन खड्यांचा भार तिला उजवीकडे कलवील. बोट उजवीकडे सरकवीत ४२ वर आणले म्हणजे ती तोलून धरता येईल. सरासरी हा असा तोलाचा बिंदू आहे. मध्यक केवळ खडे मोजतो. ते किती दूर पडले आहेत ह्याच्याशी त्यास कर्तव्य नाही.

ढीग एका बाजूस व शेपूट दुसऱ्या बाजूस, अशा ह्या लांगड्या रचनेस संख्याशास्त्रात विषमता म्हणतात. शेपूट मोठ्या आकड्यांकडे असेल तर ती धन विषमता, लहान आकड्यांकडे असेल तर ऋण विषमता. दोन्ही बाजू सारख्या असतील तर सरासरी व मध्यक जवळ जवळ एकाच जागी येतात, आणि मग कोणताही आकडा घेतला तरी बिघडत नाही. म्हणून सरासरी व मध्यक दोन्ही काढून त्यांतील अंतर पाहणे ही विषमता ओळखण्याची सर्वांत सोपी खूण आहे. इंग्रज गणिती कार्ल पिअर्सन (१८५७–१९३६) ह्यांनी तिचे मापही दिले आहे : सरासरीतून मध्यक वजा करावा, बाकीची तिप्पट करावी आणि तीस प्रमाण विचलनाने, म्हणजे नोंदी सरासरीपासून सर्वसाधारणपणे किती पसरल्या आहेत त्या मापाने, भागावे. आपल्या यादीचे प्रमाण विचलन सुमारे १६.७ येते, सात त्रिक एकवीस, त्यास १६.७ ने भागून सुमारे १.२६. शून्याजवळचा आकडा समतोल दाखवितो; एकाच्या वर गेलेला आकडा शेपूट चांगलेच लांब असल्याचे सांगतो. ज्यांना हा गुणाकार-भागाकार जड वाटेल त्यांनी खडे मांडून पाहावे. शेतीच्या कामापुरते तेवढे पुष्कळ आहे.

ऋण विषमतेचे उदाहरण बियाण्यात सापडते. पलूस भागात खरिपात सोयाबीनचा पेरा होतो, आणि पुष्कळ शेतकरी घरचे बियाणे राखतात. सात शेतकऱ्यांनी पेरणीपूर्वी आपल्या बियाण्याची उगवणशक्ती तपासली व शेकडा ४०, ७२, ८०, ८२, ८४, ८४, ९० अशी आढळली असे समजू. सरासरी ७६, मध्यक ८२. येथे सरासरी खालच्या बाजूस ओढली गेली आहे. प्रमाणित सोयाबीन बियाण्याची किमान उगवण शेकडा ७० असावी असे मानक आहे. गटाची सरासरी ७६ म्हणजे सगळे ठीक, असे मानून पेरणी केली, तर ज्याच्या पोत्यात शेकडा ४० उगवण आहे त्याच्या शेतात दुबार पेरणीची पाळी येईल. तेव्हा येथे मध्यकानेही भागत नाही. शेपटातल्या त्या एकट्या पोत्याकडे पाहावे लागते. विषमता दिसली म्हणजे प्रत्येक वेळी शेपूट छाटून टाकावयाचे असते, अशी कोणी समजूत करून घेऊ नये. कित्येकदा सारा प्रश्न शेपटातच असतो.

जमीनधारणेच्या आकड्यांत हीच रचना सबंध देशाच्या प्रमाणावर दिसते. २०१५-१६ च्या कृषिगणनेत भारतातील सरासरी वहितीखाते १.०८ हेक्टरचे, म्हणजे सुमारे दोन एकर सत्तावीस गुंठ्यांचे आढळले. महाराष्ट्रात ते १.३४ हेक्टर होते. परंतु देशातील शेकडा ६८ हून अधिक खाती एक हेक्टरच्या आतील होती. अर्थात मधला खातेदार, म्हणजे मध्यक, एक हेक्टरच्याही बराच खाली पडतो. दोन हेक्टरपर्यंतची खाती शेकडा ८६ च्या आसपास असूनही त्यांच्याकडे वहितीचे क्षेत्र शेकडा ४७ च्या सुमारास होते. सरासरी शेतकऱ्यास नजरेसमोर ठेवून एखादे अवजार किंवा एखादी योजना आखली, तर ती बहुसंख्य शेतकऱ्यांना मोठी होते, ह्याचे कारण ह्या आकड्यांत आहे.

आता हे आकडे गोळा कसे होतात, ह्याविषयी थोडे लिहिणे अवश्य आहे. पूर्वी पिकाचा अंदाज नजरेने आण्यांत ठरवीत. त्या जागी, यदृच्छेने निवडलेल्या शेतांत ठराविक मापाचा तुकडा आखून, तेथील पीक कापून, मळून, वजन करावे, ही पद्धत देशात १९४० नंतरच्या दशकात रुजली. ती रुजविण्यात डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे ह्यांचा मोठा वाटा होता. त्यांचा जन्म १९११ साली सातारा जिल्ह्यातील बुध ह्या गावी झाला. लंडनमध्ये संख्याशास्त्राचे शिक्षण घेऊन त्यांनी भारतीय कृषि संशोधन परिषदेत काम केले, आणि १९५१ पासून ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषि संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख होते. बंगालमध्ये प्रा. महालनोबिस ह्यांनी तागाच्या पिकावर नमुना पाहणीचे असेच महत्त्वाचे काम केले. ह्या पद्धतीचे मर्म यदृच्छेत आहे. पीक कापणीसाठी आलेल्या कर्मचाऱ्यास बांधाजवळचे चांगले पीक दाखविणे, अथवा नुकसानभरपाईच्या आशेने मुद्दाम वाईट कोपरा दाखविणे, ह्या दोन्ही गोष्टी सारख्याच घातक आहेत. चिठ्ठीत जो तुकडा निघाला तोच कापला गेला पाहिजे.

हा आग्रह धरण्याचे कारण असे की त्याच वजनावर पीक विम्याचा हिशेब चालतो. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत उंबरठा उत्पादन ठरविण्याची रीत लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. मागील सात वर्षांतील सर्वांत चांगली पाच वर्षे घेऊन त्यांची सरासरी काढतात व तीस जोखीमस्तराने गुणतात. एखाद्या मंडळात सोयाबीनचे हेक्टरी उत्पादन सात वर्षांत २२, २०, २४, ८, २२, २० व २४ क्विंटल झाले असे समजू. आठ क्विंटलचे वर्ष, कृष्णेला २००५, २०१९ किंवा २०२१ साली आला तसा महापूर येऊन गेला, त्या वर्षाचे. सातही वर्षांची सरासरी २० येते. एका पुराने सात वर्षांचा आकडा खाली ओढला, आणि तोच धरला तर पुरात बुडालेल्या शेतकऱ्यास पुढील वर्षी संरक्षणही कमी मिळेल. चांगल्या पाच वर्षांची सरासरी २२.४ आहे. जोखीमस्तर शेकडा ७० धरल्यास उंबरठा १५.६८ क्विंटल होतो. सात वर्षांच्या सरासरीने तो १४ झाला असता. चालू वर्षी मंडळाचे उत्पादन १३ क्विंटल निघाले, तर पहिल्या रीतीने तूट शेकडा १७ ची व दुसऱ्या रीतीने शेकडा ७ ची भरते. खालचे शेपूट छाटल्याने एवढा फरक पडतो.

मात्र ह्या हिशेबात मंडळाची सरासरी मोजली जाते, आपल्या बांधाची नव्हे. एकाच मंडळात नदीकाठचा गाळवट पट्टा पाण्याखाली गेला आणि वरच्या माळावर पीक उत्तम आले, तर मंडळाची सरासरी उंबरठ्याच्या वर राहू शकते, व काठावरच्या शेतकऱ्यास ह्या हिशेबातून काहीच मिळत नाही. आपल्या हंगामाच्या अधिसूचनेत अशा नुकसानीसाठी वेगळी तरतूद आहे किंवा कसे, हे विमा भरण्यापूर्वीच कृषि सहायकास विचारून घ्यावे. नियम हंगामागणिक बदलतात.

घरच्या वापरासाठी एक साधी वही पुरते. प्रत्येक वर्षी प्रत्येक तुकड्याचे क्षेत्र गुंठ्यांत, लागवडीचा प्रकार, पीक किती महिने उभे होते, आणि वजनकाट्यावरील प्रत्यक्ष टन एवढे लिहावे. कारखान्याची वजन-पावती वहीत डकवून ठेवावी. आठवणीतील आकडे वर्षागणिक वाढत जातात असा अनुभव आहे. शेजारचे आठ-दहा शेतकरी एकत्र आले, तर सुगीनंतर एका संध्याकाळी सर्वांच्या वह्या समोर ठेवून आडसाली, सुरू व खोडवा ह्यांच्या याद्या निरनिराळ्या कराव्या आणि प्रत्येकीचा मध्यक व सरासरी काढावी. दोहोंत दोन-तीन टनांहून जास्त अंतर निघाले, तर वरच्या टोकाच्या शेतात त्या वर्षी कोणते बेणे, किती खत व किती पाणी पडले, हे त्या मालकासच विचारावे. तो तेथेच बसलेला असतो.